मेंदूच्या रेघा

नेरच्या उर्दू शाळेत मी मुलांना दोनच वाटा सांगत असे: डॉक्टर, नाहीतर मास्तर. तिसरी मलाच कुठे ठाऊक होती!

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एक मुलगी बाकावरून कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी दातांत चमचा घालायला धावलो, कुणी चप्पल हुंगवली. दोन्ही चूक. तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावे, हे नंतर कळले. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात मिरगी वाचल्याचे आठवत नाही.

घरचे म्हणाले, जिनाची सावली. तावीज झाले. शेवटी तिच्या अब्बांना राजी करून नागपूर गाठले. तेथे एका तंत्रज्ञ बाईंनी तिच्या डोक्याला एकेक वायर चिकटवली आणि पडद्यावर मेंदूच्या रेघा धावू लागल्या. मुलगी घाबरली नाही. उलट विचारते कशी, "सर, ये काम करने को क्या पढना पडता?"

मी हिशेब केला. न्यूरॉलॉजिस्ट व्हायचे तर एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी तीन, डीएम तीन. अब्बा हमाली करतात. पण त्या बाईंनी बारावी विज्ञानानंतर पदविकाच केली होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्युपेशनल थेरपीही शिकवतात; लकव्याने लुळ्या पडलेल्या हाताला पुन्हा घास उचलायला लावण्याचे काम.

अडचण भाषेची. अकरावी विज्ञान इंग्रजीतून. म्हणून संध्याकाळी शब्द जुळवत बसतो: असब म्हणजे मज्जातंतू, म्हणजेच नर्व्ह. गोळ्या चालू आहेत. अब्बा लग्नाचे काढतात. मी दहावीच्या निकालापर्यंत मुदत मागितली आहे.