मोबाइलचं व्यसन : बोट का आवरत नाही?

कळवणच्या माझ्या दवाखान्यात मुलं येतात ती डोकेदुखी, अपुरी झोप किंवा चिडचिड घेऊन. चार प्रश्न विचारले की रात्री दोनपर्यंत चाललेला मोबाइल बाहेर येतो. मग पालक म्हणतात, "डॉक्टर, याला सगळं कळतं, पण मुद्दाम करतो." तुम्हालाही असंच वाटत असेल, तर जरा थांबा.

कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आपला ब्रेक आहे. 'आता पुरे' हे तो सांगतो. तो पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. मजा आणि बक्षीस शोधणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते.

हा ब्रेक तपासायची एक सोपी चाचणी आहे. पडद्यावर एक खूण दिसली की बटण दाबायचं, दुसरी दिसली की बोट आवरायचं. त्याच वेळी ईईजीवर मेंदूच्या लहरी नोंदवतात. इंटरनेटच्या आहारी गेलेल्यांमध्ये बोट आवरतानाच्या या लहरी काही अभ्यासांत वेगळ्या आढळल्या. हा फरक आधीचा की सवयीने आलेला, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून स्कॅनचा आग्रह धरू नका. निदान बोलण्यातूनच होतं. ताबा सुटलाय का? झोप, अभ्यास, काम मागे पडलंय का? नुकसान दिसूनही चालूच आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे.

ब्रेक कच्चा असेल तर नुसतं ओरडून गाडी थांबत नाही. उतारच टाळावा लागतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये हेच केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. मोह आवरण्याचं ओझं एकट्या पोरावर राहिलं नाही.

घरीही हे जमतं. जेवताना सगळ्यांचे फोन बाजूला, वडिलांचाही. रात्री चार्जिंग स्वयंपाकघरात, उशाशी नाही. नोटिफिकेशन बंद. फोन एकदम हिसकावू नका. वेळ ठरवून कमी करा.

आणि मूल जीव देण्याची भाषा बोललं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.