रॉटरडॅमचा धक्का

दीड महिना पेजवर काही टाकलं नाही, कारण आम्ही दोघं पोराकडं हॉलंडला गेलो होतो. खरड छाटणी उरकली, बाग धाकट्या भावाच्या हवाली केली आणि एप्रिलअखेर निघालो. "सबकेन झालं का, पाणी किती सोडलं" हे रोज फोनवर चालूच होतं.

ॲमस्टरडॅमचं फार लिहीत नाही. कालवे, सायकली तुम्ही फोटोत पाहिल्यात. मला बघायचं होतं फ्लेवोलँड. १९३२ साली समुद्रात ३२ किलोमीटरचा बांध घालून पूर्ण केला आणि पुढं आतलं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून जमीन काढली. बांधावर चढलो तर एका अंगाला पाणी वर आणि दुसऱ्या अंगाला कांदा-बटाटा खाली! माती चिकण, तिच्या पोटात निचऱ्याचे पाईप. पंप बंद पडले तर शेत पाण्याखाली. आपल्याकडं शेततळं भरायची मारामार, म्हणून मी तिथं बराच वेळ उभा राहिलो.

मग जर्मनीत मोझेल नदीकाठी द्राक्ष पाहिलं. उतार असा की माझे पाय लटपटले. ना वाय, ना मांडव, एकेका वेलीला एकेक खांब. खाली पाटीच्या काळ्या दगडाच्या कपच्या, दिवसा तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. ट्रॅक्टर चालत नाही, म्हणून एका रुळावरची छोटी गाडी माल वर-खाली करते.

पण माझं खरं काम होतं रॉटरडॅमला, आणि तिथं आम्ही पहिल्याच आठवड्यात जाऊन आलो होतो.

जुन्या बागायतदारांना २०१० आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश निघाला म्हणून युरोपात आपला माल अडकला. मर्यादा ०.०५ पीपीएम. खरडीनंतर काडीत घड धरावा म्हणून आपण सीसीसी मारायचो, सल्लाही तसाच असायचा, आणि आपल्याकडच्या तपासणीत ते बघतच नव्हते. माझा माल असलेला कंटेनर रॉटरडॅमला उभा राहिला. पैसे तर आलेच नाहीत, उलट तिकडच्या खर्चाची वजावट अंगावर आली. हिच्या पाटल्या मोडल्या, त्या अजून झालेल्या नाहीत. गोऱ्यांनी भाव पाडायला मुद्दाम केलं, असं मी तेव्हापासून म्हणत आलो. इथंही लिहिलंय.

बोटीत बसून बंदर पाहिलं. नजर जाईल तिथं कंटेनरच्या चळती, रंगीबेरंगी. सौ. हळूच म्हणाली, "आपला कुठं उभा होता हो?" मी कुठं बोट दाखवणार? इतकी वर्षं ज्या धक्क्याला शिव्या घातल्या, तिथं रागाला जागाच सापडेना.

त्याच संध्याकाळी पोरानं दुकानातून अर्धा किलोचा द्राक्षाचा डबा आणला. वर लिहिलेलं, भारत. मला बरं वाटलं. नात तीन वर्षांची, तिनं धुवायच्या आधीच दोन मणी उचलले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हा माल तपासलेला असतो ना?"

पोरगा नुसता बघत राहिला. ही मात्र म्हणाली, "आत्ता विचारताय?"

सबकेनचे फोटो भावानं काढलेत, उद्या टाकतो. दोन ओळींत फूट जरा पातळ दिसतेय, जाणकारांनी सांगावं.