जुना झगा, नवी मालकीण

प्रत्येक कुटुंबांत एक तरी व्यक्ति अशी असते कीं, जिला आपण चुकीच्या काळांत जन्माला आलों असें वाटत असतें. बहुधा हा मान घरांतील आजोबांकडे जातो, आणि त्यांचें गाऱ्हाणें इतर मंडळी आदरानें व थोड्याशा कंटाळ्यानें ऐकून घेतात. आमच्या घरीं मात्र हा क्रम उलटा झाला आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या घरांत सत्तरीकडे झुकलेला मी नव्या यंत्रांचा भोक्ता आहें, आणि माझी एकोणतीस वर्षांची कन्या १९४८ सालीं राहते.

राहते म्हणजे खरोखरच राहते. रात्रीं निजण्यापूर्वीं ती ओल्या केसांच्या बटा बोटांवर गुंडाळून पिनांनीं डोक्याशीं घट्ट बसविते. सकाळीं त्या सोडून, विंचरून कपाळाच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या वळकट्या उभ्या करते. त्यांना 'व्हिक्टरी रोल्स' म्हणतात. ओंठांना लालभडक रंग, पोटरीमागून सरळ शिवण गेलेले मोजे, कमरेशीं आवळलेला आणि खालीं मोकळा सुटलेला झगा, हातांत बेकेलाइटच्या बांगड्या. अशा थाटांत ती आगगाडीनें कचेरींत जाते आणि तेथें दिवसभर संगणकाचें काम करते. "एवढ्या वेळांत माझ्या सासूबाईंचें नऊवारी नेसणें, पूजा आणि पहिला चहा, सारें उरकत असे," असें तिची आई म्हणते.

ही हौस तिच्या एकटीची नव्हे. इंग्लंडांत गुडवुड येथें १९९८ पासून मोटारींच्या शर्यतींचा एक उत्सव भरतो. तेथें १९४८ ते १९६६ या काळांतील मोटारी धांवतात आणि प्रेक्षक त्याच काळाचे पोषाख करून येतात. त्याच वर्षीं अमेरिकेंत लास व्हेगास येथेंहि जुन्या रॉकबिली संगीताचा आणि त्या थाटाचा मेळा सुरूं झाला. आपल्याकडे हौशी मंडळी पुणेरी पगड्या घालून मिरवणुकींत जातात, तसेंच हें. फरक इतकाच कीं, आपली पगडी संध्याकाळीं खुंटीवर जाते आणि या मुलींच्या वळकट्या सोमवारींहि कायम असतात.

प्रथम मला या प्रकारांतील 'पिनअप' हा शब्द खटकत असे. चित्र टांचणीनें भिंतीवर लावावयाचें, म्हणून तें पिनअप. आल्बेर्तो वार्गासच्या सुंदरी 'एस्क्वायर' मासिकांतून आणि गिल एल्व्हग्रेनच्या खट्याळ तरुणी दिनदर्शिकांवरून सर्वत्र पोंचल्या. बेटी ग्रेबलचें खांद्यावरून मागें वळून पाहणारें १९४३ सालचें छायाचित्र सैनिकांनीं आपापल्या बराकींत लाविलें. चितारणारा पुरुष, पाहणारा पुरुष, आणि मधल्या मध्यें टांचली गेलेली स्त्री! माझ्या मुलीनें हा खेळ कां खेळावा? हें मीं विचारलें तेव्हां तिनें मला झोई मोझर्टचें नांव सांगितलें. ही चित्रकर्त्री त्याच काळांतली. आणि पुष्कळदां ती आरशासमोर उभी राहून स्वतःवरूनच चित्र रंगवी. पाहणारी तीच आणि दिसणारीहि तीच! आज या मुली असलीं छायाचित्रें काढवितात तीं कोणाच्या बराकीकरितां नव्हे, तर स्वतःकरितां. टांचणी आतां त्यांच्या हातांत आहे, असें तिचें म्हणणें. आणि तें मला खोडून काढतां आलें नाहीं.

कपड्यांच्या बाबतींत तर तीच माझी गुरु झाली आहे. ब्रिटनमध्यें जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपडे कुपनांवर मिळत. पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कुपनें, आणि एका लोकरी झग्यालाच त्यांतलीं ११ जात! अमेरिकेंत नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळलें, तेव्हां बायका उघड्या पोटरीवर भुंवयांच्या पेन्सिलीनें मोज्याची शिवण रेखून बाहेर पडत. अशा ओढगस्तीनंतर १२ फेब्रुवारी १९४७ रोजीं ख्रिस्तियान दिओरनें पॅरिसमध्यें वारेंच्या वारें कापड खाणारे घेर दाखविले. कोणी हरखले, कोणी ही उधळपट्टी म्हणून संतापले. माझ्या मुलीला ज्या घेराचें वेड, तो घेर म्हणजे उपासानंतरची पंगत होय. जुन्या झग्यांच्या शिवणींत पुढें उसवून घेतां येईल इतकें कापड राखलेलें असतें, तें तिनें मला उलटून दाखविलें. तिच्या आईकडून ती तुरपाई आणि काजें करावयास शिकली. मायलेकी एका दिव्याखालीं बसून फाटकें शिवूं लागल्या कीं, या हौसेला नांवें ठेवण्याचा माझा धीर होत नाहीं.

परंतु मागच्या वर्षीं अशाच एका मेळ्याहून ती फार गप्प होऊन आली. एका वयस्क बाईंनीं तिच्या झग्याचें कौतुक केलें आणि मग सहज विचारलें, "पण त्या वेळीं तुमच्यासारख्या मुली इथें होत्या कुठें?" प्रश्न गोड आवाजांत होता, आणि गोड आवाजांतला कांटा काढणें अवघड असतें.

त्या रात्रीं मीं तिच्यापुढें खरा १९४८ मांडला. १९४६ च्या कायद्यानें हिंदी माणसांना या देशाचें नागरिकत्व मिळण्याची वाट मोकळी झाली, पण वर्षाकांठीं केवळ शंभर माणसांना येण्याची मुभा ठेवली. हें दार मोठें झालें तें १९६५ च्या कायद्यानें. लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटाउन वसलें, तेव्हां भाडेपट्ट्यांतच अट होती कीं, गोऱ्या वंशावांचून दुसऱ्या कोणीं या घरांत राहूं नये. घरकामाचे नोकर तेवढे चालतील! आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या पेनसिल्व्हानियांतील लेव्हिटाउनमध्यें १९५७ सालीं पहिलें काळें कुटुंब आलें, तेव्हां जमावानें दगड फेकले. आणि बायकांचें म्हणाल तर नवऱ्याच्या सहीवांचून उधारीचें खातें न देण्याची चाल कायद्यानें बंद झाली ती १९७४ मध्यें. "तुझ्या आवडत्या सालांत," मी म्हणालों, "तुला या घरांत झाडू घेऊनच शिरतां आलें असतें."

ती कांहीं वेळानें म्हणाली, "बाबा, हें मला ठाऊक आहे. म्हणून तर मी तो झगा घालतें. तो काळ मला परत नकोच आहे. त्या चित्रांत माझ्यासाठीं जागा नव्हती. आतां मी जाऊन उभी राहतें, आणि कोणी विचारलें तर काय सांगायचें तें पुढच्या वेळीं सांगेन."

या मंडळींत एक वचन रूढ आहे: थाट जुना घ्यावा, विचार जुने घेऊं नयेत. मला तें सुटसुटीत घोषवाक्य वाटत होतें. आतां त्याचें वजन कळतें. माझ्या आजीनें जन्मभर नऊवारी नेसलें, कारण दुसरें कांहीं नेसण्याचा प्रश्नच तिच्यापुढें कधीं आला नाहीं. आज पाडव्याच्या शोभायात्रेंत मुली नऊवारी नेसून मोटारसायकली हांकतात. लुगडें तेंच, पण आजीला तें नेसावें लागे, आणि या तें नेसतात. या दोन क्रियापदांमधील अंतर तोडावयास बायकांच्या किती पिढ्या लागल्या!

जुन्या काळावर प्रेम करणारे दोन प्रकारचे असतात. एकाला झग्याबरोबर तो भाडेपट्टाहि परत हवा असतो. दुसरा झगा ठेवून घेतो आणि भाडेपट्टा वाचून दाखवितो. वरवर पाहतां दोघांचा पोषाख सारखाच दिसतो, म्हणून तर तो वाचून दाखविण्याची गरज आहे. माझ्या मुलीनें त्या अटीची एक प्रत मिळवून आपल्या कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आंतून लावली आहे. ती तिनें टांचणीनेंच लावली आहे.