स्टेम सेल थेरपीने आतड्याची जखम भरते का?

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात प्रॅक्टिस करताना क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण मला हल्ली मोबाईलवरची जाहिरात दाखवून विचारतात, "डॉक्टर, स्टेम सेल घेऊन बघू का?" या प्रश्नामागे वर्षानुवर्षांचे जुलाब, शौचातून जाणारे रक्त, भरून न येणारा भगंदर असतो. बदलापूरहून सीएसएमटीपर्यंत दीड तास, आणि लोकलमध्ये टॉयलेट नाही. अशा माणसाची आशा मी हसण्यावारी नेऊ शकत नाही.

मुळात आतड्याच्या अस्तरात स्वतःच्या स्टेम सेल्स असतात. दर चार-पाच दिवसांनी हे अस्तर नवे होते. पण सूज सतत धगधगत राहिली तर ही दुरुस्ती मागे पडते आणि जखम भरत नाही.

थेरपीत वापरतात त्या मेसेनकायमल स्टेम सेल्स, म्हणजे चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी. त्यांचे नवे आतडे बनत नाही. त्या रोगप्रतिकारक पेशींना शांत होण्याचे रासायनिक संदेश देतात. थोडक्यात, त्या गवंडी नाहीत, आग विझवणाऱ्या आहेत.

याचा उपयोग किती? क्रोन्समधील गुंतागुंतीच्या भगंदरासाठी 'अलोफिसेल' या औषधाला युरोपात 2018 मध्ये मान्यता मिळाली. यात 12 कोटी पेशी भगंदराच्या मार्गात टोचत. पहिल्या मोठ्या चाचणीत 24 आठवड्यांनी साधारण 50 टक्के रुग्णांना गुण आला, पण पेशी न दिलेल्या गटातही 34 टक्क्यांना आला होता. पुढच्या मोठ्या चाचणीत हा फरक सिद्ध झाला नाही आणि 2024 च्या अखेरीस औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले.

आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आतड्याच्या आजारात स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून कुणी लाखोंचे पॅकेज सांगितले तर दागिने गहाण टाकण्याआधी एवढेच विचारा : चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? नैतिक समितीची परवानगी आहे का? पैसे कशाचे?

आणखी एक. आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. त्यामुळे कोणताही उपचार सुरू होण्याआधी कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीने निदान पक्के करून घ्या. सुरू असलेली औषधे जाहिरात पाहून बंद करू नका. आज सूज आटोक्यात ठेवणारा खात्रीचा आधार तीच आहेत.