मरुभूमींतील मौनफेरी

मरुभूमि म्हटली, कीं वाळूच्या टेकड्या व उंटांची रांग डोळ्यांपुढें उभी राहते. जोधपूरास मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशीं राव जोधा यांच्या नांवाचें जें मरु-उद्यान आहे, तेथें मात्र वाळू थोडी व खडक फार. हा खडक ज्वालामुखींतून निघालेला, सुमारें 75 कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढें अगदींच पोर!

गेल्या हिवाळ्यांत तेथील एका फेरींत सामील होण्याचा योग आला. बेत असा होता: सूर्योदय होतांच वाटाड्यासह निघावयाचें, प्रारंभींचा अर्धा तास कोणीं अक्षर बोलावयाचें नाहीं, नंतर सपाट शिळेवर डोळे मिटून ध्यान करावयाचें, व त्या वेळीं मंडळींतील एक बाई काशाच्या वाडग्यांतून जो नाद काढतील तो ऐकावयाचा. यास हल्लीं नादोपचार म्हणतात. काशाच्या वाटीनें तळपाय घासण्याचा परिपाठ आपल्या घरोघरीं जुनाच; कांसें कानावाटेंहि गुण देतें, हें मला नवें. नाद मधुर होता, चित्त कांहीं काळ स्थिर झालें, हें मान्य. त्यानें दुखणीं बरीं होतात, हें मात्र माझ्या गळीं उतरलें नाहीं.

मौनाचा लाभ निराळाच झाला. बोलणें थांबल्यामुळें पाहणें वाढलें. वाटेंत पानें नसलेलें, हिरव्या काड्यांचें एक झुडूप पुनःपुन्हा दिसे. मौन सुटल्यावर वाटाड्यास त्याचें नांव विचारिलें.

"केर, गुरुजी," तो म्हणाला.

म्हणजे आपला करीर! भर्तृहरीनें नीतिशतकांत ज्याच्या निष्पर्णतेचें खापर दैवावर फोडिलें, तोच हा. तो श्लोक मुलांस वर्षानुवर्षें शिकविला. झुडपाचें दर्शन आज घडलें. वस्तुतः यांत दैवाकडे बोट दाखविण्याचें कारणच नाहीं. पानांवाटें पाणी उडून जातें, म्हणून करीरानें पानें टाकिलीं व अन्न सिद्ध करण्याचें काम हिरव्या काड्यांकडे सोंपविलें. याचीं फळें व शमीच्या शेंगा वाळवून केर-सांगरीची भाजी करितात. (शमीस तिकडे खेजडी म्हणतात.) ती भाजी आम्हीं त्याच दिवशीं चाखिली, तेल-तिखट आपल्या मानानें अंमळ अधिक.

परंतु हा करीर येथें आज दिसतो, त्यामागें मोठा खटाटोप आहे. कांहीं वर्षांपूर्वीं या सर्व टेकडीवर 'बावळिया', म्हणजे आपल्याकडील वेडी बाभूळ, माजली होती. ही अमेरिका खंडांतील वनस्पति. संस्थानी अमलांत महाराजांनीं विमानांतून तिचें बीं टाकविलें, असें सांगतात. रान हिरवें व्हावें हा हेतु चांगला. पण तिनें इतर झाडांस जगूं दिलें नाहीं. वरून तोडावी, तों मुळांतून पुन्हा फुटावी. 2006 सालीं प्रदीप क्रिशन या वृक्षज्ञ गृहस्थांनीं हें काम हातीं घेतलें, तेव्हां उपयोगीं पडले ते खंडवालिया, पिढ्यान् पिढ्या खाणींतून दगड काढणारे लोक. खडकावर हातोडीचा ठोका मारून नुसत्या आवाजावरून ते खडकाची जात व आंतील भेग ओळखीत, छिन्नीनें हात-दीड हात खोल खणीत व मूळ समूळ काढीत. त्याच खळग्यांत मग थोर, गुग्गुळ अशीं मरुदेशींचीं झाडें लाविलीं. 2011 मध्यें उद्यान लोकांस खुलें झालें. नादोपचार म्हणावयाचा, तर मी यास म्हणेन; रोगी ती टेकडी.

हें सांगतांना वाटाड्यानें एक गोटा उचलून शिळेवर दोन ठिकाणीं ठोकिला. एकीकडे खणखणीत आवाज आला, दुसरीकडे बद्द. मंडळी, या वेळीं कोणी न सांगतां, गप्प झाली. वाडगींवाल्या बाई पुढें आल्या, गुडघे टेकून त्यांनीं शिळेस कान लाविला, व वाटाड्यास म्हणाल्या, "भाऊ, पुन्हा एकदां वाजवा."