उजवे पान

संगीत शिकणाऱ्या मुलामुलींना घरी आलेला पाहुणा एक प्रश्न हटकून विचारतो : ‘सध्या काय वाजवतेस?’ प्रश्न दिसावयास निरुपद्रवी, परंतु त्याच्या पोटात दुसरा दडलेला असतो : ‘मग वाजवून दाखवतेस ना?’ साहित्याच्या विद्यार्थ्याचे त्या मानाने बरे असते. सध्या काय वाचतोस, असे कोणी विचारले, तर त्याने एखाद्या जाड ग्रंथाचे नाव सांगावे की काम भागते. त्यातली दोन पाने आताच्या आता म्हणून दाखव, असा आग्रह कोणी धरीत नाही. वाद्य शिकणाऱ्याला ही सवलत नाही. त्याची विद्या ऐकू येणारी. म्हणून ती केव्हाही ऐकवता आली पाहिजे, अशी आपली समजूत असते.

माझी भाची दादरला राहते आणि गेली सहा वर्षे पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकते. तिचे सर मूळचे गोव्याचे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांची सारी उमेद गेली. त्यांच्या शिस्तीप्रमाणे तिच्या वहीचे डावे पान सरावासाठी आणि उजवे पान लोकांसमोर वाजवावयाच्या रचनांसाठी राखलेले आहे. गेल्या वर्षी उजव्या पानावर दोन नावे होती. पहिले, विवाल्दीच्या ए मायनर कॉन्चेर्तोचा पहिला भाग. ही रचना १७११ साली छापली गेली आणि आजही जगभरचे विद्यार्थी ती वाजवीत असतात. दुसरे, मोंतीचे ‘चारदाश’ : हंगेरीतील नृत्याच्या धर्तीवरचे, आरंभी आळसावलेले आणि मग एकाएकी उधळणारे. या चारदाशावाचून आमच्या कुटुंबात एकही केळवण पार पडत नसे.

गेल्या जूनमध्ये सरांनी ही दोन्ही नावे खोडून टाकली. कारण ऐकाल तर हसाल : उजव्या हाताचा अंगठा! व्हायोलिनचा गज जेमतेम साठ ग्रॅम वजनाचा. पण मुठीपाशी तो तारेवर जड पडतो आणि टोकाकडे जाता जाता त्याचा भार ओसरतो. सूर आरंभापासून अखेरपर्यंत सारखा राहावा म्हणून टोकाकडे जाताना तर्जनीने दाब वाढवावयाचा आणि मुठीकडे परतताना करंगळीने तो तोलून धरावयाचा. ही सारी देवघेव वाकलेल्या, सैल अंगठ्याच्या आधाराने चालते. भाचीचा अंगठा ताठ राही. लहानसहान रचनांत हे लपून गेले. चारदाशाच्या वेगात तो ताठरपणा मनगटातून थेट खांद्यापर्यंत चढू लागला. तेव्हा सरांचा हुकूम सुटला : गज धरणे पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर उजवे पान कोरे.

आमचे मेहुणे हिशेबी गृहस्थ आहेत. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला जाणार; रोजचा दीड तास खर्ची पडतो; आणि जमेच्या बाजूला काहीच दिसत नाही! एका ज्येष्ठ आप्तांनी तडजोड सुचवली की, निदान एखादे नाट्यपद तरी बसवावे. तेही सोपे नव्हते. गजाननबुवा जोशी किंवा दातार यांच्यासारखे आपले वादक मांडी घालून बसत, वाद्याचे टोक पायाशी टेकवीत आणि गळ्याची मींड बोटाच्या घसरणीतून काढीत. तारा लावण्याची रीतही निराळी. उभे राहून प्रत्येक बोट नेमक्या जागी टाकावयास शिकलेल्या मुलीने ही दुसरी विद्या पाहुण्यांच्या सोयीखातर कोठून आणावी? अखेर मेहुणे मला म्हणाले, ‘प्रोफेसर, तुम्हीच काय तो निकाल द्या. शिकवणी चालू ठेवायची की बंद?’

निकालापूर्वी पुरावा ऐकावा म्हणून मी एका संध्याकाळी तिच्या खोलीबाहेर बसलो. आधी मोकळ्या तारेवर लांबच लांब, संथ गज. मग क्रॉइत्झरच्या ४२ धड्यांपैकी दुसरा. सारख्या लांबीच्या स्वरांची ती एक अखंड माळ आहे. तीत विसावा म्हणून नाही. तेच चार ओळींचे तुकडे भाची कधी एकेका स्वराला एकेक गज देऊन वाजवी, कधी दोन स्वर जोडून आणि दोन तोडून. मध्येच थांबे, हात झटकी, पुन्हा आरंभ करी. कितव्या आवृत्तीला कोणास ठाऊक, पण गज जेथे दिशा बदलतो तेथली खरखर नाहीशी झाली. दोन क्षणांनी ती परत आली खरी. तथापि मधले दोन क्षण मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

या क्रॉइत्झरचे चरित्र मला मोठे विलक्षण वाटते. पॅरिसच्या संगीतविद्यालयात तो शिकवी आणि ऑपेरा लिही; ते ऑपेरे आज क्वचितच कोणाच्या कानी पडतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्याचे नाव टॉल्स्टॉयच्या कथेमुळे ठाऊक असते आणि त्या कथेला ते बीथोव्हनच्या सोनाटेवरून मिळाले. ही सोनाटा १८०३ साली व्हिएन्नात प्रथम वाजवली ती ब्रिजटॉवरने. पुढे दोघांचे बिनसले आणि अर्पण झाले क्रॉइत्झरला, ज्याने ती लोकांसमोर कधीच वाजवली नाही, असे सांगतात. म्हणजे रसिकांना तो ठाऊक आहे न वाजवलेल्या सोनाटेमुळे आणि वादकांना ठाऊक आहे मैफिलीत न ऐकवल्या जाणाऱ्या धड्यांमुळे. तरीही थोर वादकांच्या कित्येक पिढ्यांचे हात याच धड्यांनी घडवले आहेत.

माझ्या स्वतःच्या व्यवसायातला अनुभव याच्या नेमका उलट आहे. उत्तरपत्रिका हे आमचे उजवे पान. ते तुडुंब भरलेले असते : नाटककाराविषयी चार टीकाकारांची मते, तीही सुबक भाषेत. परंतु मूळ नाटक हाती धरून, एखाद्या ओळीवर अडून, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचणारे डावे पान शोधू गेल्यास बहुधा कोरे आढळते. तीस वर्षे असली भरलेली पाने तपासून थकलेल्या मनुष्याला भाचीची वही पाहून हेवा वाटला, तर नवल काय?

मी निकाल दिला : शिकवणी चालू राहावी आणि घरात कोणी तिला वाजवून दाखवण्यास सांगू नये. मेहुण्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मान्य केली. तोवर तो अंगठा वळेलच, अशी हमी खुद्द सरही देत नाहीत. मुदत संपली आणि उजवे पान तसेच कोरे राहिले, तर मी पुन्हा दादरला जाईन आणि आणखी मुदत मागेन. एवढे मात्र मी भाचीला आधीच सांगून ठेवले आहे.