टाळ्या कोणासाठी?

दक्षिण कोरियातील बुसान नगरीला ग्वांगल्ली नावाचा रम्य समुद्रकिनारा आहे. २००४ सालच्या जुलै महिन्यात एके दिवशी तेथे सुमारे एक लाख लोक जमल्याचे सांगतात. कोणाला वाटेल, जत्रा असावी किंवा एखाद्या थोर गायकाची मैफल असावी. तसे काही नव्हते. व्यासपीठावर काही तरुण संगणकापुढे बसून ‘स्टारक्राफ्ट’ नावाचा खेळ खेळत होते, आणि तो जनसमुदाय त्यांचा डाव मोठ्या पडद्यावर पाहत होता. संगणकावरील अशा चढाओढींना ई-स्पोर्ट्स म्हणतात.

येथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. कुस्तीचा शौकीन आखाड्याकडे धाव घेतो, कारण मल्लांच्या अंगावरची माती आणि घाम त्याला तेथेच दिसतो. हा खेळ मात्र घडतो पडद्यात. क्रीडागृहात गेलेला प्रेक्षकही अखेर पडद्याकडेच पाहतो. आणि तोच डाव घरी पाय पसरून, चहाचे घोट घेत, विनामूल्य आणि अधिक स्पष्ट पाहता येतो. मग पदरचे पैसे खर्चून, गर्दीचे धक्के खात तो जातो कशाला?

निष्णात खेळाडूची चाल शिकावी, हे एक कारण असू शकेल. पण ती घरीही शिकता येते. खरे कारण या खेळाच्या बालपणात शोधले पाहिजे. कोरियात तो वाढला ‘पीसी बांग’ नावाच्या दुकानांत. तासाला थोडे पैसे दिले की तेथे संगणक वापरावयास मिळे. एखाद्याचा डाव रंगात आला की शेजारचे आपला खेळ टाकून त्याच्या खुर्चीमागे उभे राहत. आजच्या क्रीडागृहातील हजारो प्रेक्षक म्हणजे त्या खुर्चीमागची वाढलेली गर्दीच होय.

आणखी एक गंमत आहे. मोठ्या सामन्यांत खेळाडूंच्या कानांवर बाहेरचा आवाज अडविणारी जाड श्रवणयंत्रे असतात. प्रेक्षकांच्या आरोळीवरून प्रतिपक्षाची चाल कळू नये, हा त्यांचा हेतू. म्हणजे खेळ ऐन भरात असताना उठलेला जयघोष ज्याच्यासाठी, त्यालाच तो नीटसा ऐकू जात नाही! प्रेक्षकांना हे ठाऊक असते. तरीही ते घसा बसेपर्यंत ओरडतात.

ली सांग-ह्योक हा ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळातील विख्यात खेळाडू. ‘फेकर’ हे त्याचे खेळातील नाव. २०१३, २०१५ आणि २०१६ या वर्षी त्याचा संघ जगज्जेता ठरला. २०१७ साली बीजिंगच्या भव्य मैदानावर मात्र त्यांनी अंतिम सामन्याचे तिन्ही डाव गमावले. सामना संपला, तरी ली मेजावर डोके टेकून रडत राहिला. पडद्यामागे एक माणूस आहे, हे त्या दिवशी निराळे सांगावे लागले नाही. २०२२ साली अंतिम सामन्यात पुन्हा पराभव. २०२३ साली हाताच्या दुखण्याने काही आठवडे सक्तीची विश्रांती. या खेळात सत्तावीस वर्षांचा खेळाडू वृद्धच समजावा. पण लोकांनी त्याची वाट पाहणे सोडले नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी सोल येथील गोचोक क्रीडागृहात तो पुन्हा अंतिम सामन्याला बसला. क्रीडागृह गच्च भरले होते. ज्यांना तिकीट मिळाले नाही, त्यांनी घरी उबेत बसून सामना पाहिला असता तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु त्यांतले हजारो जण ग्वांगह्वामुन चौकात गोळा झाले. कोरियन लिपी निर्माण करणाऱ्या राजा सेजोंगचा पुतळा जेथे आहे, तोच हा चौक. तेथेही पाहावयाचा तो पडदाच. वर उघडे आकाश आणि हिवाळ्याची चाहूल.

लीच्या संघाने तिन्ही डाव जिंकले. सात वर्षांनी विजयचषक पुन्हा त्याच्या हाती आला. क्रीडागृहात आणि चौकात एकच जल्लोष उसळला. चौकातील जल्लोष त्याच्या कानी पडणे शक्यच नव्हते. क्रीडागृह तेथून कित्येक किलोमीटर दूर होते.